दहापैकी दहा

२ मार्च
आजपासून वाचन, व्यायाम आणि मौन. मौन चहापर्यंत टिकलं. चहा कसला, नुसतं कोमट पाणी. हे सांगायला तोंड उघडावंच लागलं. असो. उद्यापासून नक्की.
मी इथल्या इतरांसारखा नाही, हे एकदा लिहून ठेवतो. ऑफिसात शिक्के मारणं हे माझं कामच होतं. शिक्के खोटे निघाले, तो तपशील झाला.

५ मार्च
कॉलेजातून एक मॅडम आल्या. कैद्यांना तुरुंगातलं जगणं कसं वाटतं, याचा सर्व्हे. जेवण, झोप, शेजार, घरच्यांशी संपर्क. प्रत्येकाला दहापैकी मार्क द्यायचे. नाव लिहू नका म्हणाल्या. सुटकेशी याचा संबंध नाही, जिथे हाल जास्त तिथे आधी सुधारणा होईल म्हणाल्या. असं म्हणावंच लागतं त्यांना! मी मुरलेला क्लार्क. कुठला कागद कुठे पोचतो हे मला कळत नाही होय? सगळीकडे दहा. खाली नाव आणि सही, ठसठशीत.
मग अख्ख्या बराकीला पटवलं. फक्त शेजारचा ड्रायव्हर अडून बसला. भेटीला बायको काचेपलीकडे बसते, फोनमध्ये नुसती खरखर, त्याला काय दहा देऊ, म्हणाला. भोपळा दिला. अडाणी माणूस. घोरतो तर असा, की ट्रक घाट चढतोय. तरी मी शेजारालाही दहा दिलेत.

११ मार्च
हिचा निरोप आला. लेक भेटायला येतेय! मी इथे आल्यापासून पहिल्यांदा. तिचं लग्न ठरलंय आणि तिला मला समोरासमोर काहीतरी विचारायचंय.
विचारणारच. शेवटी बाप आहे मी. संसारावर चार अनुभवाचे बोल तयार करतोय. तीन आठवेनात.

१९ मार्च
सर्व्हेचा निकाल. भेटीसाठी नवी खोली झालीय. काच नाही, फोन नाही. टेबलाशी बसून बोलायचं. सध्या ती फक्त पलीकडच्या बराकीला, कारण त्यांनी भोपळ्यांचा पाऊस पाडला. आमची बराक ‘समाधानी’. ड्रायव्हर माझ्याशी बोलत नाही.
जेलरसाहेबांना गाठलं. ते दहा उत्साहाच्या भरात पडले, म्हटलं. साहेबांनी कागद काढून विचारलं, सही तुमचीच ना? माझीच. इतकी खरी सही मी आयुष्यात दुसरी केली नसेल.
काही हरकत नाही. लेकीचा आवाज खणखणीत आहे. खरखर काय करणार?

२४ मार्च
लेक आली. वाळलीय. फोनच्या खरखरीमुळे एक शब्द कळला नाही. हवालदाराला फोन बदल म्हटलं, तर तो म्हणाला, दहापैकी दहा दिलेत ना, मग तक्रार आजच का? मग म्हटलं, पोरगी एवढ्या लांबून आलीय, मला ऐकू येत नाही हे तिला कशाला कळू द्यायचं. तिने काहीतरी विचारलं. मी हसून मान हलवली. तिने पुन्हा विचारलं. मी अंगठा दाखवला. ती रडायला लागली. आनंदानेच असणार. माझा एक बोल सांगायचा राहिला, पण एकूण भेट झकास.

२८ मार्च
हिचा निरोप हवालदाराने वाचून दाखवला. पोरीने सासरी सांगितलंय की वडील वारले. तेच चालू ठेवू का, एवढं विचारायला आली होती. तुम्ही हसत हो म्हणालात. घरी येऊन ढसाढसा रडली, बाबांचं मन किती मोठं म्हणाली. आज तिचं लग्न.
‘नाही’ असं कळवता येईल का, हे हवालदाराला विचारायचं होतं. तोंडच उघडेना. ड्रायव्हरने न बोलता आपला चहा माझ्यापुढे सरकवला. तो तसाच गार झाला.
सकाळपासून एक शब्द बोललो नाही. मौन जमलं.