तीन रिंगांचा डबा

काजानी, १८ ऑक्टोबर २०२३

मार्चनंतर या वहीत एक अक्षर लिहिलं नाही, त्याबद्दल माफी. लिहिलं असतं, तर कलम चार तेव्हाच लिहावं लागलं असतं.

मी, हेली केम्पाइनेन, वय शेहेचाळीस, हे मृत्युपत्र कुणाच्याही दबावाशिवाय करते. सोमवारी डोक्याचं ऑपरेशन आहे. आज डोकं ठिकाणावर आहे, म्हणून आजच.

१. घर आणि गॅरेज धाकटा भाऊ यार्मो याला. सौनाची, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराची, भट्टी धूर करते, ते त्याला ठाऊक आहे.

२. बँकेतली शिल्लक त्याची मुलगी सान्नी हिला, गाडी शिकण्यासाठी. बाप नको म्हणाला तरी.

३. गाडी उचलायचा जॅक मित्र पेन्टी याला. तसाही तो चार वर्षं त्याच्याच शेडमध्ये आहे. परत मागायचा आता कंटाळा आला.

४. फळीवरचा पत्र्याचा डबा यार्मोला. त्यात तीन रिंगा आहेत. असायला हव्यात चार.

यार्मोच्या गाडीच्या उन्हाळी आणि हिवाळी चाकांचा ऑफसेट, म्हणजे चाक किती आत बसतं ते, वेगळा होता. उन्हाळी चाकं फार आत बसत, म्हणून त्यांच्यामागे अंतर राखणारी जाड रिंग आणि लांब बोल्ट. हिवाळी चाकांना रिंग नको, बोल्ट आखूड. दर ऑक्टोबरला चाकं मीच बदलायची. गेल्या वर्षी पुढच्या डाव्या चाकामागची रिंग तशीच राहिली आणि मी आखूड बोल्ट लावले. ते जेमतेम चार आटे धरून होते. तिसऱ्या दिवशी चाक निखळलं, गाडी खड्ड्यात गेली, यार्मोचा गुडघा गेला.

दवाखान्यात मी पहिलं काय विचारलं? "पन्नास किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा आवळलेस का?"

"नाही गं ताई. विसरलो."

"मग काय!"

तेव्हा मला खरंच वाटलं होतं की चूक त्याचीच. मार्चमध्ये डबा उघडला आणि रिंगा मोजल्या. तेव्हापासून गप्प आहे. अपघातानंतर त्याने स्टिअरिंगला हात लावलेला नाही. सान्नीलाही लावू देत नाही. म्हणतो, "आमच्या घराण्यात विसराळूपणा आहे." आहे. पण तो माझा आहे. आवळले असते तरी ते बोल्ट टिकले नसते.

सह्यांना शेजारची दोघं आली. एइलाकाकूंनी विचारलं, "मला काय ठेवलंयस?"

"साक्षीदाराला काही ठेवता येत नाही, काकू."

"मग कॉफी तरी कर."

तौनोकाका पेन उघडून थांबले. "यार्मोला काय?"

"एक डबा. आणि एक खुलासा."

"तो दोन बसस्टॉप पलीकडे राहतो, पोरी. खुलासा ऐकायला त्याने तुझ्या मरणाची वाट बघायची का?"

त्यांनी सही केली.

आम्हा दोघांच्या समक्ष, एकाच वेळी, हेलीने शुद्धीवर राहून सही केली:
एइला मुस्तोनेन
तौनो कारवोनेन

हेली केम्पाइनेन

उद्या: डबा घेऊन यार्मोकडे जाणे.