लाल आल्फावरची ‘विकणे आहे’ची पाटी

मी, सेकोंदो ग्योने, कै. कार्लो ग्योने यांचा धाकटा मुलगा, वय त्र्याऐंशी, राहणार कनेल्ली, धंदा गाड्यांच्या गाद्या आणि कापडी टप शिवण्याचा, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहीत आहे. सगळं स्वतःच्या हाताने लिहायचं, असं नोटरीबाईंनी बजावलंय. अक्षर वाकडं आहे. शिवण मात्र कधी वाकडी घातली नाही. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते रागात लिहिलं होतं.

१. राहतं घर आणि मागच्या द्राक्षवेलींच्या चार ओळी माझ्या दिवंगत पत्नीच्या, इर्माच्या, भाचीला, लुइसेल्लाला द्याव्यात. पोर दर रविवारी फोन करते. घराचं छप्पर नवीन घातलंय, आता गळत नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे येईल.

२. शिलाई मशीन, सुया, कातऱ्या चौकात बूट दुरुस्त करणाऱ्या रशीदला. मोठ्या कातरीने त्याने कागद कापू नयेत.

३. बँकेत आहे त्यातून माझी माती करावी, उरेल ते चर्चच्या स्वयंपाकघराला. गावच्या भिंतींवर माझ्या मरणाची पत्रकं चिकटवतील. त्यावर नातलगांत पहिलं नाव माझ्या थोरल्या भावाचं, ओरेस्तेचं, असावं. छापणाऱ्याने हे विसरू नये. इर्मा गेली तेव्हा तिच्या पत्रकावर मी त्याचं नाव घातलं नाही. सबंध गावाने ते भिंतीवर वाचलं. त्यानेही वाचलं, आणि तरी मातीला आला, सगळ्यांच्या मागे उभा राहिला. मी वळून पाहिलं नाही. आयुष्यात मी केलेलं सगळ्यात कोत्या मनाचं काम ते.

४. आता गाडी. आल्फा, दोन माणसांची, उघड्या टपाची, लाल, १९६७ सालची. काळी नंबरपाटी मूळचीच आहे, ती कुणी बदलू नये. नव्वद साली डॉक्टरांच्या विधवेकडून मी ती घेतली. त्या वर्षी आमच्या स्वयंपाकघरात छपरातून पाणी यायचं. ऑगस्टच्या सणाच्या जेवणाला सगळे जमले असताना ओरेस्ते म्हणाला, “बायकोच्या डोक्यावर धड छप्पर नाही, आणि हा शहाणा बिनछपराची गाडी घेऊन आलाय.” सगळे हसले. इर्माही हसली. मी उठून त्याला जे बोललो ते इथे लिहीत नाही, त्याला आठवतं. त्यानंतर एकोणीस वर्षं अबोला.

इर्मा गेल्यावर घर खायला उठलं. जेवायला एक ताट, बोलायला भिंत. मार्चमध्ये मी गाडीच्या काचेमागे ‘विकणे आहे’ची पाटी लावली आणि रविवारी गॅरेजचं दार उघडं ठेवून बसलो. पहिल्याच रविवारी ओरेस्ते आला. टोपी हातात.

“विकायचीय ना?”

“पाटी वाचता येते ना तुम्हाला?”

“येते. तळ गंजलाय का तुमचा?”

“माझा की गाडीचा?”

तो हसला नाही, पण खाली वाकून बोटांनी तळ ठोकून पाहिला. टप मी शिवलेला, त्याची शिवण त्याने नखाने चाचपली. “बरी आहे,” म्हणाला. थोरल्या भावाने माझ्या कामाला बरं म्हटल्याचं मला तरी दुसरं आठवत नाही. मी दोन पेले बार्बेरा, आमच्याकडची लाल वाइन, ओतली. किंमत विचारली त्याने. मी अवाच्या सवा सांगितली.

“विचार करून सांगतो,” म्हणाला, आणि पुढच्या मार्चमध्ये पुन्हा आला.

असे चौदा मार्च. मधल्या काळात खरी गिऱ्हाइकंही आली.

“जर्मन आला होता म्हणे,” एकदा ओरेस्ते म्हणाला.

“आला होता.”

“मग?”

“रंग आवडला नाही त्याला.”

“लाल रंग?”

“लाल रंग.”

त्याने रिकामा पेला माझ्याकडे सरकवला. भाऊ म्हणून एकमेकांशी बोलायला आम्हाला तोंड नव्हतं. गिऱ्हाईक आणि विकणारा म्हणून तासभर बसता यायचं. त्या पत्रकाबद्दल माफी मागायची म्हणून दर वर्षी मी शब्द जुळवून ठेवायचो, आणि दर वर्षी तळाच्या गंजावर बोलायचो.

गेल्या मार्चमध्ये तो आला नाही. खुब्याचं हाड मोडलं, असं रशीदकडून कळलं. मी टप उघडा टाकून शेजारच्या नीत्सा गावी त्याच्या फाटकापर्यंत गेलो. इंजिन बंद केलं नाही. खिडकीचा पडदा हलला असं वाटलं. मग परत आलो.

तर ही गाडी, किल्ली, कागदपत्रं आणि दोन पेले माझा भाऊ ओरेस्ते ग्योने याला द्यावेत. पाटी त्यानेच स्वतःच्या हाताने काढावी.

५. साक्षीला तोच हवा होता मला. पण ज्याला मिळायचं त्याची सही चालत नाही, असं नोटरीबाई म्हणाल्या. म्हणून शेजारी दोघं.

६. शेवटचं. मी जिवंत असेपर्यंत चौथ्या कलमातलं अक्षरही ओरेस्तेच्या कानावर जाऊ नये. तो आता काठी घेऊन चालतो, असं कळलं. आज रविवार आहे, दार उघडं ठेवलंय. गाडी आपलीच आहे हे कळलं, तर तो ती बघायला कशाला येईल?

ठिकाण: कनेल्ली. १० मार्च २०२४.

सही: सेकोंदो ग्योने

साक्षीदार, ज्यांनी सही करताना पाहिलं, मजकूर वाचलेला नाही:
१. एवासियो पेनेंगो, निवृत्त पोस्टमन
२. देल्फीना रोबाल्दो, पाववाली