ठकीला तिरकं चालून निजवण्याबद्दल

ती. ताई व भावोजींस,

बसल्या जागेवरूनच साष्टांग नमस्कार (मांडीवर ठकी झोपली आहे, वाकलो तर उठेल). भावोजींची कंबर कशी आहे? वजनं उचलू नका म्हणावं, आणि उचलायचीच असतील तर आधी मला विचारा. उचलण्याच्या बाबतीत तुझा भाऊ आता मोठा माणूस झाला आहे.

लेक झाल्यापासून माझी घरात काय पत होती, तुला ठाऊकच आहे. माणसाएवढ्या काचा जिन्याने वर नेऊन खिडक्यांत बसवणारा मी, पण ठकीला हात लावला की ही मागे उभीच. "अरे, मान धर! डोकं सांभाळ!" की माझे हात लटपटायचे, ठकी भोकाड पसरायची आणि ही तिला काढून घ्यायची. "राहू दे, तुला नाही जमायचं." (मलाही ते पटलं होतं. आयता आराम मिळायचा, ते वेगळं.)

मग ही औषधाच्या दुकानात परत कामावर जाऊ लागली आणि ठकीची सकाळ माझ्या गळ्यात पडली. पहिल्याच दिवशी तिने रडून इमारत डोक्यावर घेतली. काही सुचेना, तेव्हा हातांनी आपलं रोजचंच काम केलं. तिला काचेसारखी उभी छातीशी धरली, एक तळवा खाली, एक पाठीला, आणि दारातून तिरका तिरका चालू लागलो. तोंडाने सवयीने "बाजूला व्हा, काच आहे" चालूच. ठकी गप्प! दुसऱ्या फेरीला गाढ झोपली.

हिला सांगितलं तर हसून हसून पुरेवाट झाली. पण परवा डॉक्टरीणबाईंनी ठकीच्या झोपेचं विचारलं तेव्हा ही म्हणाली, "यालाच विचारा. याच्यासारखं मला नाही जमत." ताई, अंगावर मूठभर मांस चढलं बघ! तेव्हापासून अंघोळ, भरवणं, नखं कापणं, सगळं माझ्याकडे. हात जरासुद्धा लटपटत नाहीत.

तुझा धाकटा

ता. क. काल ही स्वयंपाकघरात ठकीला घेऊन चोरून तिरकी चालत होती. मी मागून म्हणालो, "अगं, तळवा खाली धर! राहू दे, तुला नाही जमायचं." हिने ठकी माझ्याकडे दिली आणि ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. फार वाईट वाटलं गं. पत्र खरं म्हणजे त्यासाठीच. तिला फोन करून सांग ना, तिलाही छान जमतं म्हणून. तुझं ती ऐकते.

आणखी एक. हे दाराशी उभ्याने लिहितोय (अक्षरावरून कळलं असेलच). ठकी उठली, मी ती हिच्याकडे दिली आणि दार उघडून धरलं. ही तिरकी चालते आहे, तळवा साफ चुकीच्या जागी, आणि मी तोंडातून ब्रसुद्धा काढलेला नाही. ठकीने डोळे मिटलेत. फोन राहू दे.