पगली घंटा आणि बायांच्या बराकीची किल्ली

३ मार्च १९४४
वसमतला कापसाच्या गंजी पेटल्याची बाजारात चर्चा. तुरुंगातल्या बायांच्या बराकीवर गवताचं छप्पर, भिंतीला लागून भटारखाना. मी बायांना शिकवायला जाते तेव्हा ठिणग्या बघते. आत बाया, त्यांची लेकरं. पहाऱ्यावरच्या शेवंताबाईजवळ किल्ली नाही. ती फाटकावर, जमादाराच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, दादांच्या कमरेला.
तुरुंगाचे मुख्य दरोगासाहेब, त्यांच्याकडे आगीच्या तालमीची परवानगी मागितली. हसले. "करो बेटी."
आई म्हणाली, "बाप तुरुंगाचा जमादार, लेक बंबवाली. घरात पहिली बी.ए. झाली ती बादल्या भरायला."

७ मार्च
आगीसाठी ठेवलेल्या बादल्यांत वाळूच नाही. ती भटारखान्यात, कढईत. शिपाई फुटाणे भाजून राहिले. गणपत शिपाई म्हणे, "परत ठेवतो की ताई. थंड झाल्यावर." मला मूठभर दिले. खरपूस होते. तरी बादल्या समोर उभं राहून भरून घेतल्या.

११ मार्च
तालीम. फजिती.
ठरलं होतं, पगली घंटा वाजली की बायांना अंगणात काढायचं. वाजली. शिपाई धावले आणि बराकीचं उघडं दार ओढून कुलूप ठोकलं. मी आतच. पगली घंटा म्हणजे कैदी पळाला, दारं लावा. वर्षानुवर्षं हाताला तेच वळण. बाहेर लाठ्या घेऊन ताठ उभे, चेहऱ्यावर समाधान.
मी आतून, "अहो, आग लागली आहे."
गणपत, "व्हय ताई. घाबरू नका, एकजण बी पळत न्हाई."
बाया पोट धरून हसल्या. मीही. पण नजर छपराकडे. दादा फाटकावरून किल्ली घेऊन आले तेव्हा धापा टाकत होते.

१२ मार्च
दादांना म्हटलं, किल्ली शेवंताबाईजवळ राहू द्या.
"अन् एखादी पळाली तर? नोकरी माझी जाईल. तुझं कॉलेज याच नोकरीवर झालं."
खरं आहे.
थोड्या वेळानं स्वतःच, "काल तू आत होतीस म्हणून धावलो. गुडघा अजून दुखून राहिला."

१६ मार्च
दुसरी तालीम. घंटा बंद, आता परात बडवायची. पहिल्यांदा वाजली तेव्हा दोन शिपाई जेवायला आले. दुसऱ्यांदा मात्र झकास. वाळू, पाणी, सगळे जागेवर. दार तेवढं दादा येईपर्यंत बंदच.
दरोगासाहेबांसमोर किल्लीचं काढलं. म्हणाले, "वो जमादार की जिम्मेदारी है बेटी. वो जाने."
दादांनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा चाचपला.

१८ मार्च
संध्याकाळी दादा पाळीवरून आले, जुडगा खुंटीला अडकवला. बायांच्या बराकीची लांब दांड्याची किल्ली त्यात नव्हती. आईच्याही लक्षात आलं.
"एक कुठं विसरलात काय?"
"वाढ तू."
जेवताना दोनदा उठून दारातून तुरुंगाकडे बघून आले. धूर दिसतो का बघत होते, की कोणी पळतंय का, कोण जाणे. उद्या ती किल्ली पुन्हा खुंटीवर दिसेल का, तेही विचारलं नाही. त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.