असा पेशंट नसतो

नागपूर
रविवार, १४ डिसेंबर २०२५

चि. अंकित,

अनेक आशीर्वाद. तू चार वर्षांनी लहान आहेस म्हणून आशीर्वाद, नाहीतर आज कागदावर दुसरंच काहीतरी उतरलं असतं. इकडे थंडी चांगलीच पडली आहे. काल मौद्याला जाऊन आले. आईनं तुझ्यासाठी जवसाची चटणी दिली आहे, डबा माझ्याकडे आहे. तू माझा फोन उचलत नाहीस आणि उचललास तर मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र वाडीला तुझ्या गोडाऊनच्या पत्त्यावर कुरिअरनं पाठवते आहे. ट्रक भरताना उभ्या उभ्या वाचू नकोस. बसून वाच.

आधी कामाचं. डोळ्यांच्या हॉस्पिटलातल्या काउंटरवरच्या प्रेमिलाबाईंवर तू दिलेली लेखी तक्रार मागे घे. येत्या गुरुवारी त्यांची चौकशी आहे, आणि तुझ्या त्या एका कागदावर त्यांची नोकरी जाणार आहे.

आता तू म्हणशील, ताईनं पुन्हा परक्याची बाजू घेतली. घेतली. त्या दिवशी तू काउंटरवरचं रजिस्टर भिरकावलंस, सगळ्या रांगेसमोर "कम्प्युटर चालवता येत नाही तं बसवता काहून हिले इथं?" असं ओरडलास, आणि मी हात धरला तर "तू मधात पडू नको" म्हणून तो झटकलास. बाबा मागच्या बाकावर बसले होते. त्यांना नीट दिसत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. त्यांच्या उजव्या डोळ्याची नजर गेल्याचं डॉक्टरांनी सांगून अर्धा तासही झाला नव्हता.

तुला माहीत आहे ते एवढंच, की बाबांच्या काचबिंदूच्या ऑपरेशनची तारीख ११ नोव्हेंबर होती, त्या दिवशी काउंटरवर त्यांचं नाव सापडलं नाही, आणि नवा नंबर काढून त्यांना ३ डिसेंबर दिली. नाव नाही म्हणून फुकटचं औषधही मिळालं नाही. घरातलं औषध आठ दिवसांत संपलं आणि बाबांनी आईलाही सांगितलं नाही. मधल्या तीन आठवड्यांत जे व्हायचं ते झालं. म्हणजे काउंटरवरच्या बाईनं नाव गहाळ केलं, हा तुझा हिशोब. सरळ वाटतो. मलाही तो तसाच राहू द्यावासा वाटला होता, हे आधीच सांगते.

अंकित, मी आठ वर्षं नोकरी करते आहे. एवढ्या वर्षांत तू मला एकदाही विचारलं नाहीस की ऑफिसात मी करते काय. "कम्प्युटरवर आहे," असं तू सगळ्यांना सांगतोस. मी टेस्टर आहे. दुसऱ्यांनी केलेलं सॉफ्टवेअर मी तपासते. ते कुठे मोडेल, कोणासमोर मोडेल, हे लोकांच्या हातात जाण्याआधी शोधणं हे माझं काम. खोट सापडली की ती लिहून द्यायची. मराठीत याला खुसपटं काढणं म्हणतात आणि आमच्या ऑफिसातही तसंच म्हणतात.

बाबा इतवारीत धान्याच्या दुकानात तीस वर्षं हेच करत होते. आठवतं ना, शाळेला सुट्टी असली की आपण दुकानात जायचो? तुरीचा ट्रक दारात उभा असायचा, हमाल तयार असायचे आणि बाबा पोत्यात परखी खुपसून मूठभर दाणे तळहातावर घ्यायचे. उजेडाकडे धरून बघायचे. त्यांनी मान हलवल्याशिवाय सेठ एक पोतं उतरवू द्यायचे नाहीत. एकदा बाबांनी अख्खी गाडी परत पाठवली तेव्हा सेठ व्यापाऱ्याला काय म्हणाले ते मला अजून ऐकू येतं. "मारोतरावनं नाही म्हटलं ना, मंग नाही." बाबांना कोणी खुसपट्या म्हटलं नाही. त्यांना पहिला चहा मिळायचा.

माझ्या अप्रेझलच्या कागदावर काय लिहिलं आहे सांगू? 'नकारात्मक दृष्टिकोन.' शिवाय 'टीमसोबत जुळवून घेत नाही.' आठ वर्षांत मी तपासलेल्या एकाही गोष्टीवरून कंपनीला शिवी बसली नाही, पण ते कुठे लिहिणार? मोडलं तरच टेस्टर आठवतो. न मोडलेल्याची टाळी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला.

आता जे सांगते ते तुला माहीत नाही. त्या हॉस्पिटलच्या नोंदणीचं सॉफ्टवेअर आमच्या कंपनीनं केलं आहे.

तपासणीसाठी खोटे पेशंट भरावे लागतात. माझे सगळे खोटे पेशंट बाबांवर बेतलेले असतात. मारोतराव, मारोती, मारुती, कारण आधार कार्डावर एक आहे, रेशन कार्डावर दुसरं आणि बँकेत तिसरं. मोबाइल नंबर शेजाऱ्याचा. जन्मतारीख १ जानेवारी, कारण आजीला एवढंच आठवत होतं की त्या वर्षी पोळ्याला पूर आला होता, आणि आधारवाल्यानं तारीख माहीत नाही म्हणून १ जानेवारी टाकली. बाबांना भरलं की कोणतंही सॉफ्टवेअर कुठेतरी अडतंच. मला त्याची गंमत वाटायची. गौरांग, म्हणजे आमच्या टीमचा लीड, दर वेळी वैतागायचा. "यार उन्नती, असा पेशंट राहते का कोणी? तीन नावं, पराया नंबर, बड्डे एक जानेवारी. खरे लोक असे नसतात." आणि मी लिहिलेली खोट तो बंद करायचा. कारणाच्या रकान्यात लिहायचा, 'असा पेशंट नसतो.'

माझा बाप आहे तो, असं मी एकदाही म्हटलं नाही. ऑफिसात लाज वाटायची, हे खरं कारण.

ऑक्टोबरमध्ये हॉस्पिटलनं थोड्या खऱ्या नोंदी नव्या सिस्टिमवर सुरू केल्या. बाबांचीही तेव्हाच झाली, मीच त्यांना घेऊन गेले होते. म्हणजे खरे पेशंट आणि माझे खोटे पेशंट एकाच ठिकाणी. नोव्हेंबरपासून सगळं नव्यावर जायचं होतं, त्याआधी खोटे काढून टाकायचे होते. गौरांगनं सोपा उपाय काढला. ज्याची ज्याची जन्मतारीख १ जानेवारी, तो उन्नतीचा कचरा. एका झटक्यात सगळे पुसून टाका.

मी ते बघितलं. लिहून दिलं. खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसांपैकी कितीतरी जणांची कागदावरची तारीख १ जानेवारीच असते, हे दोन ओळींत लिहिलं. त्यावर गौरांग माझ्या टेबलाशी येऊन हसला. "एक जानेवारीले इतके लोक जन्मून राहिले का?" आणि बंद. असा पेशंट नसतो.

एकशे सहा होते, अंकित. एकशे सहा खरी माणसं पुसली गेली. मी नंतर बॅकअपमधून मोजली. सगळी साठीच्या पुढची, भिवापूर, कुही, रामटेक, मौदा इथली. त्यांच्यापैकी कोणी ऑफिसात फोन करून ओरडलं नाही. नाव नाही म्हटल्यावर ती परत गेली.

आणि ११ नोव्हेंबरला, बाबा काउंटरसमोर उभे होते तेव्हा, मी कुठे होते? आमच्याकडे टेस्टरांचा सन्मान सोहळा होता. विषय, 'टेस्टरांना प्रोत्साहन.' एचआरच्या सुरुचीमॅडमनी सगळ्यांचे मोबाइल एका टोपलीत जमा करून घेतले, म्हणजे आम्ही मन लावून प्रोत्साहित होऊ. फुगे फोडायला लावले, प्रत्येक फुग्यात एक चांगला शब्द. माझ्या फुग्यात 'जागरूक' निघाला. मग पिझ्झा, आणि 'गुणवत्तेचे शिलेदार' लिहिलेला एक कप. टोपलीतून मोबाइल परत घेतला तेव्हा बाबांचे तीन मिस्ड कॉल होते. मी संध्याकाळी फोन केला. म्हणाले, "काही नाही वं, पुढची तारीख देल्ली. तू कामात असशीन म्हटलं." मी बरं म्हणून ठेवून दिला.

तो कप मी फोडला नाही. अजून टेबलावर आहे. त्यात पेन ठेवते.

शुक्रवारी प्रेमिलाबाईंच्या घरी गेले होते. दार उघडून मला ओळखलं तेव्हा त्या मागे सरल्या. तुझी बहीण म्हणून. मग आत घेतलं आणि पाणी दिलं. म्हणाल्या, "बाबाजीचं नाव मी तीनदा पाह्यलं ताई. मारोतराव टाकलं, मारोती टाकलं, मारुती टाकलं. नंबरानं पाह्यलं. स्क्रीनवर नावच नाही तं मी कुठून दाखवू?" जुन्या वहीत नाव लिहून ठेवते म्हणाल्या तर वरच्यांनी दटावलं, की आता वही बंद, सगळं कम्प्युटरवर. तरी त्यांनी एका चिठ्ठीवर लिहून ठेवलं होतं. चिठ्ठी मला दाखवली. बाबांचं नाव, गाव, आणि पुढे 'तारीख होती, कागद पाहिला, सिस्टिममध्ये नाही.'

कळलं का तुला? त्या बाईनं तीन स्पेलिंगं टाकून बघितली, खोट लिहून ठेवली, आणि कोणी ऐकलं नाही. माझंच काम त्या बिनपगारी करत होत्या. आणि तू त्यांच्या तोंडावर रजिस्टर भिरकावलंस. मला तुझा राग इतका आला की चटणीचा डबा त्यांनाच देऊन यावासा वाटला.

काल इथवर लिहिलं आणि पेन ठेवलं. आज तारीख बदलत नाही, वर आहे तीच राहू दे.

पुढचं लिहायचं टाळण्यासाठी मी तुला गौरांग सांगितला, सुरुचीमॅडम सांगितल्या, फुगे सांगितले. सगळं खरं आहे. पण सॉफ्टवेअर लोकांच्या हातात जायच्या आधी एक शेवटचा कागद असतो. 'तपासले, योग्य आहे' असं त्यावर लिहिलेलं असतं आणि खाली टेस्टरची सही लागते. ती नसेल तर कंपनीचा मालकही ते पुढे पाठवू शकत नाही. तेवढा एक अधिकार आम्हाला आहे.

३१ ऑक्टोबरला, शुक्रवारी संध्याकाळी, तो कागद माझ्यासमोर आला. सगळे घरी जायला निघाले होते. गौरांग म्हणाला, "आता पुन्हा एक जानेवारी नको काढू यार. एकदा तरी टीमसोबत राह्य." अप्रेझल पंधरा दिवसांवर होतं. मी सही केली. कोणी हात धरून करवली नाही. खोट मला माहीत होती, मीच ती लिहिली होती, आणि मी योग्य आहे म्हणून सही केली. त्या आठवड्यात ऑफिसात सगळे माझ्याशी फार छान बोलले.

आता कंपनीनं हॉस्पिटलला कळवलं आहे की सॉफ्टवेअर बरोबर होतं, काउंटरवर नोंद चुकली. पुरावा म्हणून माझी सही जोडली आहे. आणि हॉस्पिटलनं प्रेमिलाबाईंविरुद्ध पुरावा म्हणून तुझी तक्रार जोडली आहे. दोन्ही कागद आपल्याच घरातले आहेत.

बुधवारी मी एकशे सहा नावांची यादी हॉस्पिटलच्या ऑफिसात नेऊन दिली, कंपनीला न विचारता. त्यांनी फोन करून लोकांना बोलावायला सुरुवात केली आहे. शेजाऱ्यांच्या नंबरांवर. माझी नोकरी बहुतेक या आठवड्यात जाईल. गेली तर गेली, त्याचं मला फारसं काही वाटत नाही. वाटायचं ते वेगळ्याच गोष्टीचं वाटतं.

परवा मौद्याला बाबांना सगळं सांगितलं. ते अंगणात उन्हात बसले होते, सुपात तूर घेऊन. डाव्या डोळ्याजवळ दाणा धरून बघत होते. मी रडले नाही, नीट क्रमानं सांगितलं. आई मध्येच "काहून सांगून राहिली वं हे त्यायले" म्हणाली, पण बाबांनी तिला थांबवलं. शेवटपर्यंत ऐकलं. मला वाटलं, जाऊ दे म्हणतील. ते नेहमी म्हणतात.

त्यांनी विचारलं, "खोट दिसली होती तुले?"

म्हटलं, हो.

"मंग मान काहून हलवली?"

एवढंच विचारलं आणि पुन्हा दाणे निवडायला लागले. रागावले नाहीत. त्यांना खरंच समजलं नव्हतं. तीस वर्षांत त्यांच्या हातून असं एकदाही झालं नसावं.

तर तू असं कर. गुरुवारी सकाळी सुट्टी घे. प्रेमिलाबाईंवरची तक्रार मागे घे, त्यांच्यासमोर उभा राहून घे. आणि दुसरी तक्रार लिही. तुझं अक्षर चांगलं आहे. त्यात कंपनीचं नाव लिही, गौरांगनं बंद केलेल्या नोंदीची तारीख लिही, ती मी या पानाच्या मागे लिहून दिली आहे. आणि सही कोणी केली तेही लिही. बहीण आहे म्हणून गाळू नकोस. हे पत्र सोबत जोड. चटणीचं तेवढं खोडून टाकलंस तरी चालेल. मी दहा वाजता काउंटरपाशी उभी असेन. माझ्याशी बोलू नकोस वाटलं तर, पण ये.

त्या शुक्रवारी मी मोडकी सही केली होती, कोणालाही वाचता येऊ नये अशी. ही पूर्ण लिहिते आहे. वरचं सगळं दोनदा वाचून, तपासून.

उन्नती मारोतराव भोयर
टेस्टर