वाकड्या अक्षरांची पाटी

तीर्थरूप मामा यांस,

शिरसाष्टांग नमस्कार. (एवढा मान पाहून ही आता काहीतरी मागणार, हे तू ओळखलंच असशील. बरोबर ओळखलंस, पण मागणी शेवटी आहे. आधीच पान उलटून पाहू नकोस.) तब्येत कशी आहे असं विचारायची रीत आहे, पण तुझी तब्येत मला तुझ्याहून जास्त ठाऊक आहे. गेले चार महिने तुझं रक्त माझ्या फ्रीजमध्ये आहे. वरून दुसरा कप्पा, उजवीकडे. तिथे तुझं छान चाललंय. मामीचे गुडघे कसे आहेत ते मात्र कळव, ते फ्रीज उघडून कळत नाही.

तुझ्या रक्ताच्या कर्करोगावरची रोजची गोळी पहिली दोन वर्षं झकास चालली आणि गेल्या हिवाळ्यापासून आकडे पुन्हा चढायला लागले, तेव्हा डॉक्टर म्हणाले की रोग औषधाला दाद देत नाहीये. आता जगात भाच्या काय कमी आहेत, पण तुझ्या भाचीचं कामच नेमकं हे: या पेशी औषधाला दाद द्यायच्या का थांबतात ते शोधणं. (आई अजून लोकांना सांगते की ती दवाखान्यात काहीतरी तपासते.) गोळी म्हणजे किल्ली आणि पेशीत एक कुलूप, असं समज. कधी कधी पेशी कुलूपच बदलून टाकते, मग किल्ली फिरत नाही. नवं कुलूप कोणतं ते कळलं की दुसरी किल्ली शोधता येते. म्हणून तुझ्या रक्ताची नळी बर्फाच्या डब्यात घालून मी स्वतः बसने घेऊन आले. डबा मांडीवर घट्ट धरलेला. शेजारच्या बाई म्हणाल्या, "काय नेताय एवढं जपून?" मी म्हटलं, "मामा." त्या उठून दुसरीकडे बसल्या.

एक कबुली देते. त्या दिवशी प्रयोगशाळेचं दार उघडताना मला थोडा आनंद झाला होता. काळजी होतीच, पण तिच्या खाली, तळाशी, आनंदही होता. वाटलं की वीस वर्षं परक्यांची कुलपं शोधली, आता आपल्या माणसाचं सापडेल, आणि लहानपणी तू मला खांद्यावर बसवून दुकानांच्या पाट्या वाचायला शिकवलंस त्याची थोडी परतफेड होईल. असा आनंद होणं बरं नव्हे. पण झाला.

कुलूप सापडलं नाही. पहिल्यांदा तपासलं, जुनंच कुलूप, जागच्या जागी. मी म्हटलं यंत्र बिघडलं. यंत्र दुरुस्त करणारा आला, त्याने यंत्र पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, याला काही झालेलं नाही. तुम्ही जेवलात का?" दुसऱ्यांदा तपासलं, तेच. आमच्याकडे नळीवर नाव नसतं, आकडा असतो, तेव्हा माझ्या सहकारिणीने तुझं नाव ठेवलं हट्टी. मग आमचे प्रमुख, सर, रोज आल्या आल्या विचारायचे, "काय म्हणतोय हट्टी?" आणि तो हट्टी माझ्या आईचा सख्खा भाऊ असावा तशी मी लाजायची, म्हणजे आहेसच तू. मग आम्ही तुझ्या पेशी काचेच्या बशीत घेतल्या आणि वरून तेच औषध घातलं. तीन दिवसांत सगळ्या मेल्या, हूं की चूं न करता. सर फार खूश झाले. बशीत मरतात आणि माणसात मरत नाहीत, म्हणजे नवीनच काहीतरी आहे, असं म्हणून त्यांनी फळ्यावर एक आकृती काढली. औषध आतड्यात शोषलं जात नसेल, यकृत ते फार लवकर मोडत असेल, हाडांच्या आत पेशी लपून बसत असतील, असे एकूण अकरा बाण. शिकलेली सात माणसं आम्ही दोन महिने त्या अकरा बाणांमागे धावलो. मामा, आकृतीत सगळं होतं. गोळी हातातून तोंडात जाते तो बाण तेवढा नव्हता.

आता पाट्यांकडे वळते. (विषय बदलला असं तुला वाटेल, पण नाही.) दोन वर्षांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेला तू तीन पाट्या रंगवून पाठवल्या होत्यास. "चपला दाराशी काढा", "हातमोज्यांशिवाय आत येऊ नये" आणि "दार नीट लावा". तेव्हा फोनवर म्हणाला होतास, वय झालं, हात पहिल्यासारखा राहिला नाही. चौथी पाटी यंदा उन्हाळ्यात आली, "शांतता राखावी". आमच्या सफाईच्या मावशी रोज सकाळी चारही पाट्या ओल्या फडक्याने पुसतात. गेल्या आठवड्यात पुसता पुसता म्हणाल्या, "तुमचा पेंटर बदलला का?"

मी म्हटलं, "नाही, एकच. माझे मामा आहेत."

"मग हात बरा झाला म्हणायचा त्यांचा. या तिघींच्या वेलांट्या बघा, कशा थरथरल्यात. आणि ही बघा, पट्टी लावून काढल्यासारखी."

मावशी बादली घेऊन पुढे गेल्या. मी तिथेच उभी.

प्रत्येक पाटीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात तारीख घालायची तुझी सवय मला माहीत आहे. मी मामीला फोन करून खोटं सांगितलं की तुझ्या कामाचा संग्रह करतेय, गेल्या तीन वर्षांतल्या पाट्यांचे फोटो पाठव. तिने बिचारीने गुडघे दुखत असताना बाजारभर फिरून सव्वीस पाठवले. ते तारखेप्रमाणे लावले आणि खाली तुझ्या रक्ताचे आकडे मांडले. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात स्वच्छ आलेख आहे. जिथे वेलांटी थरथरते तिथे रक्त चांगलं. शिंप्याच्या दुकानाच्या पाटीपासून वेलांटी ताठ झाली, आणि दोन महिन्यांनी आकडे चढले. हा आलेख मी सरांना दाखवलेला नाही. त्यांचे अकरा बाण अजून फळ्यावर आहेत.

बाकी इकडे सगळं ठीक. हवा बरी आहे. मामीला नमस्कार आणि तुला पुन्हा एकदा.

तुझी भाची

ता. क. तू गोळ्या घेत नाहीस ना? मामी म्हणते, "मी रोज स्वतः त्यांच्या हातावर गोळी ठेवते." हातावर ठेवते एवढंच ती म्हणते, पुढचं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो. या गोळीने बोटांत पेटके येतात, हात स्थिर राहत नाही, हे मला पाठ आहे, व्याख्यानात मी ते चौथ्या मिनिटाला सांगते. डॉक्टरांनी विचारलं, "काही त्रास?" तू म्हणालास, "छे, मजेत." मी शेजारी बसले होते आणि "मजेत" हे वहीत लिहून घेतलं. तेव्हा एकट्या तुझ्यावर रागावण्याचा मला अधिकार नाही. पेटक्यांवर उपाय आहेत, मात्रा कमी करता येते, औषधही बदलता येतं, पण त्यासाठी आधी बोलावं लागतं. पुढच्या सोमवारी तुझ्या रक्तात औषध किती आहे ते मोजणार आहेत. मी तुला त्याआधी विचारतेय. अजून उशीर झालेला नाही. आणखी वर्षभराने हे वाक्य मला कदाचित लिहिता येणार नाही.

ता. क. दुसरा. चाळीस वर्षं गावभर ज्याच्या सरळ रेघेचं नाव होतं त्याला थरथरणारा हात कसा वाटत असेल, हे मला कळतं असं म्हणणार नाही. पण रेघ ओढताना श्वास धरायचा, हे मला तूच शिकवलंस. अजूनही नळीत थेंब सोडताना मी श्वास धरते. गेला आठवडाभर थेंब न सोडताही धरलेला आहे.

ता. क. तिसरा. हे पत्र मामीला दाखवू नकोस. (तिला वेगळं लिहिलं आहे, ते कालच पोचलं असेल.)

ता. क. शेवटचा, आणि हीच ती मागणी. माझ्या खोलीच्या दाराला पाटी नाही. येत्या महिन्यात एक रंगवून पाठव, आणि मग दर महिन्याला एक. दारं कमी पडली तर भिंतीवर लावीन. मजकूर तुझ्या मनाचा. कोपऱ्यात तारीख घालायला विसरू नकोस. औषध बदलून हात खरंच बरा झाला, असं डॉक्टरांनी लिहून दिलं तर वेगळी गोष्ट. तोवर वेलांट्या सरळ आल्या तर पाटी परत पाठवीन.