चिक्कीची अट

लिहून ठेवणार: महालिंगप्पा वीरप्पा बिराजदार, वय ७८, मानसशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, रा. उमरगा, जि. धाराशिव.

मी पूर्ण शुद्धीवर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. मी रागातही आहे. त्याला दाखला लागत नाही.

१. वर्तनवादावरची माझी पुस्तके मी जिथे तीस वर्षे शिकवले त्या महाविद्यालयाला देऊ नयेत. माझी कबुतराची पेटी त्यांनी मला न विचारता भंगारात घातली. बटणावर चोच मारली की ज्वारीचा दाणा पडे, अशी ती पेटी होती. कबुतराच्या मनात काय आहे ते विचारू नका, ते काय करते तेवढे पाहा, हे आमचे शास्त्र. लोक मला कबुतर सर म्हणत. म्हणोत बापडे. पुस्तके गावच्या वाचनालयाला द्यावीत.

२. माझी निळी वही एकुलती मुलगी शिवांजली हिला द्यावी. त्या वहीत एक प्रयोग आहे. सात वर्षांची शिवांजली रोज संध्याकाळी आपण होऊन माझ्या आईच्या पायांना तेल चोळायची. मी दर वेळी तिला चिक्कीचा तुकडा देऊ लागलो. महिन्याने चिक्की बंद केली. चौथ्या दिवसापासून पोर आजीकडे फिरकली नाही. मी वहीत 'प्रयोग यशस्वी' असे लिहिले.

माझी पत्नी कै. रुद्रम्मा तेव्हा म्हणाली, "लेकराची माया होती ती, तुमी तिची मजुरी केली. आता म्हातारीचं पाय तुमीच चोळा." मी चोळले नाहीत. याचा राग माझा मलाच आहे आणि तो कोणाच्या नावे करून देता येत नाही.

३. शिवांजली आता पुण्यात असते. दीड वर्षापासून फोनवर म्हणते, "अप्पा, आधी गोळी घ्या, चालून या, मग सृष्टीशी बोलायला देते." सृष्टी माझी नात. मी हायवेच्या कडेने ट्रकची धूळ खात तासभर चालतो, तेव्हा मला दोन मिनिटे नात मिळते. ही विद्या लेकीला माझ्याकडूनच आली, हे कबूल. तरी हा माझा अपमान आहे. मी कबुतर नाही, हे येथे नमूद करून ठेवतो.

४. राहते घर. माझे वकील कृष्णराज म्हणाले, "सर, शेवटपर्यंत सांभाळलं तरच घर, अशी अट टाका. न्हाय तर कोण ढुंकून बघत न्हाय." मी त्यांना तिथेच गप्प केले. ही पुन्हा चिक्कीच झाली. अशी अट घातली तर लेक घरासाठी आली की बापासाठी, हे मला मरेपर्यंत कळणार नाही. शास्त्र म्हणते ते विचारू नका. मला विचारायचे आहे.

म्हणून घर शिवांजलीला, बिनशर्त. ती आली काय, न आली काय, घर तिचेच. हे मी बदलणार नाही. याची प्रत आजच तिला पोस्टाने पाठवत आहे, म्हणजे येण्याचे बक्षीस काहीच शिल्लक राहत नाही.

५. संध्याकाळी माझे पाय दुखतात. तेलाची बाटली कोनाड्यात असते.

स्थळ: उमरगा
दिनांक: ३ डिसेंबर २०२४

लिहून ठेवणार: महालिंगप्पा बिराजदार (सही)

आमच्यासमोर वाचून सही केली:
१. कल्याणप्पा, शेजारी (सही)
२. कृष्णराज, वकील (सही)